परिणामाचा रकाना

मळा, दिंडोरी
२१ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. स्नेहल,

आशीर्वाद. तू तो घेशील की नाही माहीत नाही, पण सासऱ्यानं सुनेला लिहायचं तर दुसरी कुठली सुरुवात मला येत नाही. फोन तू उचलत नाहीस. आधी मला वाटायचं कामात असशील. मग अमोलच म्हणाला, "तात्या, तिनं तुमचा नंबर बंद केलाय." त्यालाही आता दोन वर्षं होत आली. म्हणून हे पाकीट. अमोल रविवारी आरोहीला भेटायला इगतपुरीला येईल तेव्हा त्याच्या हाती देईन. त्यानं मधे फोडू नये म्हणून डिंक जरा जास्तच लावलाय.

इकडे ठीक आहे. छाटणी आठ ऑक्टोबरची, आज चव्वेचाळिसावा दिवस. द्राक्षाचे घड चांगले निघालेत. सकाळी धुकं पडतंय, त्यामुळे पानांवर डावणीची बुरशी येईल अशी धास्ती आहे. रोज बागेत फिरून पानं उलटून बघावी लागतात. तुझ्या सासूचे गुडघे तसेच. ती तुझं नाव काढत नाही, पण अमोल निघाला की पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी असते. आरोही तिखट खात नाही हे मला माहीत आहे, त्यामुळे ती बरणी कुणासाठी हे मी विचारत नाही.

मुद्द्याचं लिहितो. अमोल म्हणाला, आरोहीचं नाक परत भरलंय. कपाळ दुखतं, गालाला हात लावू देत नाही, ताप येतो-जातो. आणि म्हणाला की चालू आहे ते औषध नीट लागू पडत नाही, आणि जे लागू पडलं असतं ते तिला चालत नाही असं तिच्या फायलीत लाल शाईनं लिहिलेलं आहे.

मला वाटतं, ती लाल नोंद डॉक्टरांनी एकदा पुन्हा तपासून घ्यावी. दोन वर्षांपूर्वी अंगावर पुरळ आलं ते कशानं आलं, कोण सांगणार? दिवाळीचा फराळ होता, फटाके होते, मळ्यात फवारणी चालू होती. शंभर कारणं असतात. मी काही डॉक्टर नाही. सहज सुचलं ते कळवलं.

गोळ्या उरल्याचं तू तेव्हा काढलं होतंस. त्या धावपळीत कुणाचं काय चुकलं ते आता देवालाच ठाऊक. जुनं उकरण्यात काही हशील नाही. पोर बरी झाली म्हणजे झालं.

तुझा,
तात्या


मळा
२४ नोव्हेंबर

चि. सौ. स्नेहल,

अमोल काल आला. म्हणाला, तू पत्र दारातच उभ्यानं वाचलंस, घडी घातलीस आणि एवढंच म्हणालीस, "नोंद का तपासायची, ते लिहा म्हणावं."

मी शंभर कारणं आहेत असं लिहिलं होतं. तुला त्यातलं एकही पटलं नाही. पटणार कसं? तिथे गोंदे गावच्या कंपनीत दिवसभर माल तपासतेस, कुठला भाग कुठे बिघडला ते हातात घेऊन सांगतेस. लग्न होऊन आलीस तेव्हा आठ दिवसांत घरातल्या सगळ्या डब्यांवर तारखा चिकटवल्या होत्यास. मी चिडवायचो, "सूनबाई, आम्हालाही एक चिठ्ठी चिकटवा, कधी खराब होणार ते कळेल." तू हसायचीस. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं नाही. माझ्या घरात माझ्याशिवाय कुणी काही तपासावं ही सवयच नव्हती.

सगळं पहिल्यापासून मांडतो, म्हणजे माझाही गोंधळ होणार नाही. त्या दिवाळीत आरोही नऊ वर्षांची, मळ्यावर राहायला आली होती. सर्दी झाली, मग नाकातून पिवळं, मग ताप. सतरा नोव्हेंबरला तू तिला दिंडोरीला डॉक्टरांकडे नेलंस. त्यांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. सकाळी एक, रात्री एक, म्हणजे वीस. तू तीन दिवस थांबलीस, वीस तारखेला सुट्टी संपली म्हणून तिला आमच्याकडे ठेवून कामावर परत निघालीस. जाताना कॅलेंडरवर चौकटी आखल्यास, गोळी दिली की खूण करायची. आणि मला म्हणालीस, "तात्या, पाचव्या दिवशीही ताप राहिला तर मला फोन करा. काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. मधेच गोळी थांबवायची नाही."

तेवीस तारखेला तिच्या अंगभर पुरळ आणि डोळा सुजलेला. आम्ही नाशिकला नेलं. नऊ दिवस हॉस्पिटल, भुवईशेजारी छेद घेऊन पू काढला, डोळा वाचला. आणि फायलीत लाल शाईनं लिहिलं गेलं की या गोळीनं पुरळ येतं, ही पुन्हा द्यायची नाही.

आता कारण. स्नेहल, तू बरोबर होतीस. चार गोळ्या जास्त उरल्या होत्या. दोन दिवस द्यायच्या राहिल्या. मळ्यात मजूर होते, ट्रॅक्टर बंद पडला होता, डोक्यात दुसरंच होतं. विसरलो. मी ते तेव्हा कबूल केलं नाही, लाज वाटली. चूक माझी. हे मी आता माझ्या हातानं लिहून देतोय.

एवढं पुरे ना? डॉक्टरांना सांग की गोळ्या नियमित गेल्या नव्हत्या, तर पुरळ त्यांनीच आलं हे कशावरून.

परत वाचलं तेव्हा हे शेवटचं वाक्य मलाच लंगडं वाटलं. पण अमोल बुधवारी तिकडे येणार आहे, त्याच्याकडे देतो.

तात्या


हॉस्पिटल, नाशिक
२८ नोव्हेंबर

स्नेहल,

काल संध्याकाळी तू मला म्हणालीस, "तोंडी शपथ मी एकदा ऐकलीय, तात्या. आता लिहून द्या. तारखांसकट." कागदही तूच दिलास. म्हणून इथे बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. तुझी सासू शेजारी आहे. तिनं तोंड भिंतीकडे केलंय.

सोमवारच्या पत्रात मी पुन्हा खोटं लिहिलं. गोळ्या मी विसरलो नव्हतो. मी औषध बदललं.

कसं आणि का, ते तुला कळायला हवं. कळून राग कमी होईल म्हणून नाही, तू विचारलंस म्हणून सांगतो. द्राक्षात एक नियम आम्ही पाळतो. एकाच गटाचं औषध लागोपाठ मारायचं नाही. मारत राहिलं की बुरशी त्याला सरावते, मग कितीही मारा, तिला काही होत नाही. म्हणून पाळीपाळीनं गट बदलायचा. आज हा, चार दिवसांनी तो. यात माझा हात धरणारा आसपासच्या गावांत कुणी नाही, असं लोक म्हणायचे आणि मीही म्हणायचो. मोठमोठे बागायतदार मळ्यावर येऊन विचारतात, "तात्या, आता काय मारू?" मी पान उलटून बघतो आणि सांगतो. तीस वर्षं माझं क्वचित चुकलं.

२१ नोव्हेंबर २०२३. गोळ्यांचा पाचवा दिवस. आरोहीला सकाळी ताप होता, कपाळ धरून रडत होती. मी पानाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं आणि ठरवलं, हा गट लागू पडेना, बदलायला पाहिजे. तू सांगितलेलं लक्षात होतं. फोन हातात घेतलाही होता. मग वाटलं, ज्याला सगळे औषध विचारतात त्यानं सुनेला विचारायचं? फोन ठेवून दिला. वाटेवरच्या एका मेडिकलवर गेलो आणि म्हणालो, "नाकाचंच हाय, पोरगी नऊ वर्षांची. पहिलं लागू पडंना. दुसऱ्या गटातलं द्या, जरा भारी." त्यानं चिठ्ठी मागितली नाही. मी पाकीट खिशात घातलं तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवतो.

एकवीसला दोन गोळ्या, बावीसला दोन. तुझ्या चौकटींत खुणा मात्र सगळ्या केल्या.

बावीसला संध्याकाळी, शेवटची गोळी देऊन तासाभरातच तिच्या पोटावर लाल चट्टे उठले, ओठ सुजले. मी थांबलो. दोन्हीतलं काहीच दिलं नाही. तेवीसला सकाळी डोळा उघडेना. नाशिकच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठली गोळी चालू होती?" माझ्या खिशात दोन पाकिटं होती. मी डॉक्टरांनी दिलेलं तेवढं काढलं. दुसरं नंतर घरी येऊन औषधांचे रिकामे डबे पुरतो त्या खड्ड्यात टाकलं आणि वर माती लोटली.

चोवीसला तू गोळ्या मोजल्यास. आठ उरायला हव्या होत्या, बारा होत्या. तू सगळ्यांसमोर विचारलंस, "तात्या, चार जास्त कशा?" मी आरोहीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यावर पट्टी होती, कुणाचा हात आहे म्हणून ती चाचपून बघत होती. मी म्हणालो, "या पोरीची शपथ, एक बी गोळी चुकवली नाय." अमोल तुझ्यावर ओरडला, "तात्या काय पोरीची खोटी शपथ घेतील?" तू त्याच्याकडे बघितलंस आणि गोळ्या पिशवीत ठेवल्यास. डिसेंबरात तिला घेऊन माहेरी निघून गेलीस.

त्यानंतर तुझी सासू येईल-जाईल त्याला सांगायची, तापाची पोर टाकून कामावर गेली आणि वर आमच्यावर आळ घेते. मी तिथेच बसलेला असायचो. एकदाही तिला गप्प केलं नाही. चहा प्यायचो. तू गेल्यावर अमोल मळ्यावरच राहायला आला; रात्रीचा जेवायला बसला की ताटाकडे बघत राहायचा, तेही बघितलं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. ते वाक्य मला दोन वर्षांत आलं नाही, स्नेहल.

काल दुपारी अमोलचा फोन आला. म्हणाला, आरोहीला दाखल केलंय, डोळा पुन्हा सुजलाय, जुनं औषध चालत नाही म्हणून डॉक्टर आता दुसऱ्याच गटातलं सुरू करतायत. नाव काय, म्हणून विचारलं. त्यानं वाचून दाखवलं. मी ते दोन वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं, पण विसरलोही नव्हतो. तेच होतं. मी ओरडलो, "मी येईस्तोवर देऊ नका, काय बी झालं तरी देऊ नका!" तो "का? का?" विचारत राहिला. मी तुझ्या सासूला घेतलं, मिळेल ती जीप पकडली, आणि वही घेतली.

वहीचं तुला माहीत आहे, फवारणीची निळी वही. तारीख, औषध, प्रमाण, कशासाठी, परिणाम, असे पाच रकाने. काहीही मारलं की त्याच दिवशी लिहायचं, ही माझी सवय. एकवीस तारखेला मेडिकलवरून आलो, आरोहीला गोळी दिली आणि हात आपोआप वहीकडे गेला. औषधाचं नाव, प्रमाण, "आरोही, नाक व ताप", सगळं लिहिलंय. परिणामाचा रकाना तेवढा कोरा आहे. ते पान मी फाडू शकलो नाही आणि कुणाला दाखवूही शकलो नाही. वही उघडताना दोन पानं एकदम उलटायचो.

डॉक्टरबाईंना काय सांगितलं ते तू ऐकलंस. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे फायलीत उलटं लिहिलंय?" मी हो म्हणालो. "जे चालतं ते आम्ही बंद केलं आणि जे चालत नाही ते आत्ता देणार होतो?" मी परत हो म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वहीच्या पानाचा फोटो काढला आणि आत गेल्या. अमोल जिना उतरून गेला तो अजून माझ्यासमोर आलेला नाही. तुझी सासू फक्त एवढंच म्हणाली, "आन् मी तिला काय काय बोलले."

आज सकाळी चाचणी झाली. पहिल्या औषधानं तिला काहीच झालं नाही, आता तेच सुरू केलंय असं नर्सनं सांगितलं. मी काचेतून बघत होतो. मग तू आत बोलावलंस. आरोहीनं विचारलं, "आजोबा, बागेत डावणी आली का?" माझा हात तिच्या डोक्याकडे गेला आणि मी तो मागे घेतला. तू ते बघितलंस.

वहीतलं ते पान अखेर फाडलं. ते सोबत जोडतो. औषधाचं नाव आणि पहिली तारीख त्यात आहे, बाकीच्या तारखा वर लिहिल्यात.

सावळीराम


मळा
१२ डिसेंबर

स्नेहल,

हे पत्र तू वाचलं नाहीस तरी चालेल. उत्तर मागायला लिहीत नाही. तुझं पाकीट काल पोस्टानं पोचलं एवढं कळवायला लिहितो.

पाकिटात चिठ्ठी असेल म्हणून मी उलटंपालटं करून झटकून बघितलं. फक्त वहीचं पान होतं. मग चष्मा लावला तेव्हा दिसलं, परिणामाचा रकाना भरलेला आहे. तुझं अक्षर, बारीक आणि सरळ, डब्यांवरच्या तारखांसारखं:

"२२/११/२३: पुरळ, ओठांना सूज. तात्यांनी सांगितलं नाही. २७/११/२५: सांगितलं. पहिलंच औषध, दहा दिवस, पूर्ण. ताप नाही, सूज नाही."

मी ते अंगणात उभ्यानं वाचलं आणि मग खाली बसलो. दहा दिवस पूर्ण, यावर किती वेळ बोट ठेवून बसलो होतो माहीत नाही. पोर बरी झाली. हे मला अमोलनं कळवलं नाही, आणि त्यानं कळवावं असं तोंड मला उरलेलं नाही. तो इगतपुरीलाच राहिला हे त्याच्या आईकडून कळलं. तिथूनच कामावर जातो म्हणे. बरं आहे. दोन वर्षांपूर्वीच त्यानं तुझ्याबरोबर निघायला हवं होतं.

फायलीतली लाल नोंद खोडून दुसरी लिहिली, हेही तिच्याकडूनच कळलं. ते दुसरं नाव तुमच्या सगळ्यांच्या लक्षात असू दे. आरोहीला पाठ करून घे. उद्या ती कुठल्या गावी असेल, कोण तिला काय देईल, सांगता येत नाही.

रविवारी तुझी सासू तुझ्याकडे यायला निघणार आहे. चटणी यावेळी स्वतः घेऊन येतेय. तुला काय बोलायचं त्याची ती स्वयंपाकघरात एकटीच तयारी करते, मधेच रडते. मी येऊ का, असं विचारायला तिनं वाव दिला नाही, मीही विचारलं नाही. तू दार उघडलंस तर तिच्यासाठी उघड. माझा हिशेब त्यात धरू नकोस.

माफी मागायची राहिली. हॉस्पिटलात मागणार होतो, पण तू समोर आल्यावर वाटलं, मागितली की ती द्यायचं ओझं परत तुझ्यावरच पडणार. म्हणून इथे नुसतं लिहून ठेवतो. मी तुझं घर मोडलं, आणि ते माझ्या मोठेपणासाठी मोडलं. तू खोटं बोलत नव्हतीस हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं.

पान मी वहीत होतं तिथे परत चिकटवलं. डिंक बराच लागला, त्यामुळे वही आता तिथेच उघडते. आज सकाळी खालच्या मळ्यातला पुंजा आला. त्याच्या बागेत डावणीचे ठिपके दिसलेत. नेहमीसारखा बाजेवर टेकला, म्हणाला, "तात्या, आता काय मारू सांगा."

मी वही त्याच्या हातात दिली. ती तिथेच उघडली. तो वाचत गेला, मग बोट धरून परत वाचलं.

"हे आरोहीचं काय लिवलंय, तात्या? बागेचं नाय हे."

"नाय," मी म्हणालो. "आधी ते सगळं वाच. मग तुला मला विचारायचं का नाय, ते ठरव."

त्यानं वाचलं. मग वही बाजेवर ठेवून उठला आणि निघून गेला. मी त्याला हाक मारली नाही.

तात्या